कुर्बानी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बकरी ईदच्या म्हणजे जिल्हज महिन्याचा चांद दिसला की कुर्बानीबद्दल दोन तऱ्हेचे प्रश्न येऊ लागतात. घरातले विचारतात, जनावराचं वय किती हवं, हिस्सा कसा धरायचा, कातड्याचं काय करायचं. बाहेरचे विचारतात, देवाला रक्त लागतं का? हे प्रश्न वाटतात तितके एकमेकांपासून लांब नाहीत. कातड्याचा नियम नीट समजला की रक्ताच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंअधिक हाती येतं. मजहबांमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली या चार परंपरांमध्ये, जिथे मतभेद आहेत तिथे तसं लिहिलं आहे. स्वतःपुरता निर्णय आपल्या मजहबाच्या आलिमाला (धर्मशास्त्राच्या जाणकाराला) विचारूनच घ्यावा.

कुर्बानी म्हणजे बळीच ना?

बाहेरून दिसायला सारखं दिसतं, पण शब्दापासूनच वाट वेगळी होते. 'कुर्बानी'च्या मुळाशी अरबी 'कुर्ब' आहे, म्हणजे जवळीक. ज्या कृतीने माणूस अल्लाहच्या जवळ जातो ती कुर्बानी. आदमच्या दोन मुलांनी दिलेल्या भेटीसाठी कुरआनने 'कुर्बान' हाच शब्द वापरला आहे (५:२७). ईदच्या कुर्बानीला फिकहच्या (इस्लामी कायदाशास्त्राच्या) ग्रंथांत 'उज्हिया' म्हणतात आणि त्यावरूनच 'ईद-उल-अजहा' हे नाव आलं.

बळी म्हटलं की देवतेपर्यंत काहीतरी पोचवायचं असतं, तिचा वाटा काढायचा असतो. कुर्बानीत देवाचा वाटा नसतो. वेदी नाही, नैवेद्य नाही, जाळणं नाही. जनावर अल्लाहच्या नावाने जबह होतं, म्हणजे गळा कापून मारलं जातं, आणि मांस सगळं माणसांकडे जातं.

अल्लाहला रक्त-मांस कशाला हवं?

नको आहे. सूरह हजच्या ३७ व्या आयतीत हे स्पष्ट सांगितलं आहे: त्यांचं मांस अल्लाहपर्यंत पोचत नाही आणि रक्तही नाही, पोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे मनातली त्याची जाणीव. इस्लामपूर्व अरब कुर्बानीचं रक्त काबाच्या भिंतींना फासत, असं या आयतीच्या संदर्भात तफसीरकार (कुरआनचे भाष्यकार) सांगतात. त्या प्रथेला हे उत्तर आहे.

कळपातलं पहिलं पिल्लू मूर्तींसाठी कापण्याची 'फरआ' आणि रजब महिन्यातली 'अतीरा' नावाची कुर्बानी या दोन जुन्या चालींबद्दल 'फरआ नाही, अतीरा नाही' अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) आहे. पूजेच्या दगडांवर कापलेलं जनावर कुरआनने हराम ठरवलं (५:३).

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शरीअतच्या नजरेत वाहतं रक्त नापाक आहे. ते खाणं हराम आहेच, पण कपड्याला जास्त लागलं तर ते धुतल्याशिवाय त्या कपड्यांत नमाजही होत नाही. ज्या रक्तामुळे नमाज अडते ते रक्तच इबादतीचा (उपासनेचा) गाभा कसं असेल?

हजरत इब्राहिमांची गोष्ट कुरआनात कशी आहे?

आपण लहानपणापासून जी ऐकतो त्यापेक्षा खूप त्रोटक. सूरह साफ्फातमध्ये आयत १०० पासून ११३ पर्यंत सगळं आटोपतं. म्हातारपणी मुलगा होतो. तो बापाबरोबर चालण्या-धावण्याच्या वयाचा झाल्यावर बाप त्याला सांगतो, मी स्वप्नात तुला जबह करताना पाहतो, तुझं काय म्हणणं आहे? मुलगा म्हणतो, अब्बाजान, तुम्हाला जो हुकूम झालाय ते करा, अल्लाहची इच्छा असेल तर मी तुम्हाला सब्र करणारा दिसेन. दोघं हुकुमापुढे मान तुकवतात, बाप त्याला कपाळावर पाडतो, आणि हाक येते: इब्राहिम, तू स्वप्न खरं करून दाखवलंस.

थांबण्यासारख्या दोन-तीन जागा इथे आहेत. बाप मुलाला विचारतो. हुकूम देवाचा, तरी ज्याच्यावर वेळ येणार आहे त्याचं मत घेतलं जातं. दुसरं, सुरी चाललीच नाही, गळ्यावर तांब्याचा पत्रा आला वगैरे वर्णनं कुरआनात नाहीत. ती कथा-परंपरेतून आली. मेंढ्याचंही नाव नाही. 'जिब्हिन अजीम', एक थोर कुर्बानी देऊन त्याला सोडवलं, एवढंच आहे. मेंढा तफसीर आणि रिवायतींमधून (परंपरेने सांगत आलेल्या वृत्तांतांमधून) येतो.

तिसरं म्हणजे मुलाचं नाव. कुरआन ते घेत नाही. आज बहुसंख्य मुसलमान हजरत इस्माईल मानतात आणि त्याला आधार असा देतात की सगळा प्रसंग संपल्यावर, ११२ व्या आयतीत, इसहाकच्या जन्माची खुशखबर येते. बायबलमध्ये, उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात, मुलगा इसहाक आहे. सुरुवातीच्या काळात मुस्लिम विद्वानांमध्येही यावर दोन मतं होती: तफसीरकार तबरींचा (मृत्यू इ.स. ९२३) कल इसहाककडे होता, तर पुढे इब्ने कसीर (मृत्यू इ.स. १३७३) यांनी इस्माईलच्या बाजूने जोरकस मांडणी केली. कुर्बानीच्या हुकमाला त्याने काही फरक पडत नाही.

कुर्बानी कोणावर लागू होते?

हनफी मजहबात ती वाजिब (बंधनकारक) आहे: शहाणा, बालिग (वयात आलेला), मुकीम (म्हणजे प्रवासात नसलेला) आणि साहिबे-निसाब (निसाबाइतकी ऐपत असलेला) अशा प्रत्येक मुसलमानावर, मग तो पुरुष असो की स्त्री. निसाब म्हणजे गरजेच्या वस्तू आणि कर्ज वजा जाता ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीची मालमत्ता. जकातीसारखी (सक्तीच्या वार्षिक दानासारखी) वर्ष पुरं होण्याची अट इथे नाही. ईदच्या दिवसांत ऐपत असली की झालं.

शाफई, मालिकी आणि हंबली मजहबांत ती सुन्नते-मुअक्कदा आहे, म्हणजे आग्रहाने सांगितलेली, पण न केल्यास फर्ज (सक्तीचं कर्तव्य) सोडल्याचा गुन्हा नाही. हजरत अबू बकर आणि हजरत उमर हे ऐपत असूनही कधी कधी कुर्बानी करत नसत, लोकांनी ती सक्तीची समजू नये म्हणून, अशी रिवायत या मताचे लोक पुढे करतात. कर्ज काढून, शेजारी काय म्हणतील म्हणून कुर्बानी करणाऱ्यांनी ही रिवायत एकदा ऐकावी.

घरात एकाने केली की सगळ्यांची झाली का?

हनफी मतानुसार नाही. नवरा आणि बायको दोघंही साहिबे-निसाब असतील तर दोघांची वेगवेगळी. बाकी तीन मजहबांत घराच्या वतीने एक पुरेशी मानली जाते.

कोणत्या दिवशी?

जिल्हजच्या १०, ११ आणि १२ तारखेला. शाफई मतात १३ तारीखही धरतात. पहिला दिवस उत्तम. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते.

ईदची नमाज होण्याआधी कापलेलं जनावर कुर्बानीत धरत नाहीत. अबू बुरदा इब्ने नियार या सहाबींनी (पैगंबरांच्या साथीदारांनी) घाई केली होती. ईद म्हणजे खाण्यापिण्याचा दिवस, आपल्याच घरातून सुरुवात व्हावी म्हणून त्यांनी नमाजेआधी बकरी कापली. पैगंबरांनी (स., ही त्यांच्या नावापुढे म्हणायची दुआ) सांगितलं, ती मांसाची बकरी झाली, कुर्बानी नव्हे. मग त्यांच्याकडे एक कमी वयाचं करडू उरलं होतं, त्यावर त्यांना सूट मिळाली. पण तुमच्यानंतर कोणालाही नाही, असं बजावूनच.

जनावर कसं हवं?

बकरा, मेंढा, गोवंश, म्हैसवर्ग, उंट. नर-मादी दोन्ही चालतात. कोंबडी, हरिण चालत नाही. हनफी मतात बकरा-मेंढा एक वर्षाचा, गोवंश आणि म्हैसवर्ग दोन वर्षांचा, उंट पाच वर्षांचा पुरा हवा. सहा महिन्यांचा मेंढा किंवा दुंबा (जाड शेपटीचा मेंढा) वर्षाच्या जनावराइतका भरलेला दिसत असेल तर चालतो. बकऱ्याला ही सवलत नाही. शाफई मतात बकरा दोन वर्षांचा लागतो. कुठे कोणतं जनावर कापायला परवानगी आहे हा त्या त्या ठिकाणच्या कायद्याचा भाग आहे. शरीअतने निवड खुली ठेवली असल्याने एक जनावर चालत नसेल तर दुसऱ्याने कुर्बानी होते.

हदीसमध्ये चार दोष सांगितले आहेत: उघड काणेपणा, उघड आजार, उघड लंगडेपणा आणि हाडांत मज्जा उरली नाही असा रोडपणा. थोडक्यात, नकोसं झालेलं जनावर देवाच्या नावावर खपवायचं नाही.

पण म्हणून सगळ्यात महागडं जनावर घ्यायचं असंही नाही. जनावराची किंमत गळ्यात पाटीसारखी मिरवणं, त्याच्याबरोबर फोटो काढून फिरवणं, याला तकवा म्हणणं जड जातं. पैगंबरांनी (स.) दोन शिंगवाले, काळे-पांढरे मेंढे कापल्याचं हजरत अनस सांगतात. देखणे होते खरे, पण कितीला घेतले ते कोणी सांगत नाही.

हिस्सा कसा धरायचा?

बकरा-मेंढा एकाच्या नावाचा. मोठ्या जनावरात सात हिस्से. मक्केजवळच्या हुदैबियाच्या तहाच्या वर्षी, ६ हिजरीत (इ.स. ६२८), सात जणांमध्ये एक उंट आणि सात जणांमध्ये एक गाय अशी कुर्बानी झाल्याचं हजरत जाबिर सांगतात. त्यावरून हा नियम आला.

हनफी मतात एक बारीक अट आहे आणि ती फार बोलकी आहे. सातही जणांची नियत इबादतीची हवी. कोणाचा हिस्सा ईदचा, कोणाचा अकीक्याचा (मुलाच्या जन्माच्या कुर्बानीचा), हे चालतं. पण एकाने जरी नुसतं मांस मिळावं म्हणून हिस्सा घेतला असेल तर बाकी सहांचीही कुर्बानी होत नाही. शाफई मत इथे सैल आहे. हिस्सेदारांनी आपापसांत मांस अंदाजाने नव्हे, वजन करून वाटावं, हेही हनफींचं सांगणं.

जनावराला त्रास होत नाही का?

जबह अगदी वेदनारहित असतं असे संदेश ईदच्या आधी फिरतात. कुर्बानी त्या दाव्यावर उभी नाही आणि मुसलमानाने तो करण्याची गरजही नाही. जीव जातो, हे मान्य करूनच सगळे नियम केले आहेत. हजरत शद्दाद इब्ने औस यांची हदीस अशी: अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान म्हणजे चांगुलपणा लागू केला आहे, म्हणून जबह कराल तेव्हाही नीट करा, सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या.

यातूनच बाकीचं येतं. सुरी जनावरासमोर पाजळायची नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. पाय धरून फरफटत न्यायचं नाही. उपाशी-तहानलेलं ठेवायचं नाही. किबल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड करून डाव्या कुशीवर निजवायचं, 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' म्हणायचं आणि श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या झटक्यात कापायच्या. उंटासाठी पद्धत वेगळी, मानेच्या तळाशी. तिला नहर म्हणतात. जनावर पूर्ण थंड होईपर्यंत कातडं सोलायला घ्यायचं नाही. गर्दीच्या वेळी हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. एकापाठोपाठ एक उरकण्याच्या नादात सुरी बोथट होते, तीही बदलली जात नाही.

आधी विजेचा झटका देऊन बेशुद्ध करण्याबद्दल मतभेद आहेत. कापताना जनावर जिवंत असणं ही अट सर्वांना मान्य आहे. ज्यातून जनावर पुन्हा शुद्धीवर येऊ शकतं असा सौम्य झटका काही हलाल संस्था मान्य करतात, काही करत नाहीत.

बाईने जबह केलं तर चालतं?

चालतं. हजरत अबू मूसा आपल्या मुलींना स्वतःच्या हाताने कुर्बानी करायला सांगत, असं बुखारीत आहे. एका दासीने मरायला टेकलेली मेंढी धारदार दगडाने जबह केली तेव्हा ती खायला पैगंबरांनी (स.) परवानगी दिली.

मांसाचे तीन भाग करावेच लागतात का?

करावेत हे चांगलं: एक घराला, एक नातेवाईक-मित्रांना, एक गरिबांना. पण ही मुस्तहब (चांगली, पण सक्तीची नसलेली) वाटणी आहे, काट्याची नव्हे. कुरआनात 'खा आणि खाऊ घाला' असं आहे, आणि कोणाला ते सूरह हजच्या ३६ व्या आयतीत सांगताना दोन वेगळे शब्द आहेत: 'कानिअ' आणि 'मुअतर'. जो मिळेल त्यात समाधान मानून गप्प बसतो तो, आणि जो दारात येऊन उभा राहतो तो. दारात येणाऱ्याला सगळेच देतात. गप्प बसणाऱ्याकडे आपल्याला जावं लागतं, आणि आयतीत त्याचं नाव आधी आहे.

फ्रीजमध्ये किती दिवस ठेवावं, हा प्रश्न त्या काळीही होता. एका वर्षी पैगंबरांनी (स.) तीन दिवसांपेक्षा जास्त मांस ठेवायला मनाई केली. पुढे लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, त्या वर्षी वाळवंटातून गरजू लोक आले होते म्हणून मनाई होती. आता खा, ठेवा, दान करा. आजूबाजूला उपास घडत असतील तर साठवणीचा हक्क आकसतो, एवढं त्यातून कळतं.

कातडं कसायाला मजुरीत दिलं तर?

नाही. इथे सगळे नियम एकाच जागी येऊन मिळतात. १० हिजरीत (इ.स. ६३२), शेवटच्या हजच्या वेळी, पैगंबरांनी (स.) १०० उंटांची कुर्बानी केली, ६३ स्वतःच्या हाताने, बाकीचे हजरत अलींनी. त्या उंटांची व्यवस्था हजरत अलींकडे होती आणि हुकूम होता की मांस, कातडी आणि अंगावरच्या झुलीसुद्धा दान करा. कसायाला त्यातलं काही मजुरी म्हणून देऊ नका. त्याची मजुरी आम्ही आमच्याकडून देऊ.

म्हणजे जनावर एकदा कुर्बानीसाठी ठरलं की मालकाचा त्यावरचा व्यापारी हक्क संपला. मांस खाता येतं, कारण परवानगी आहे. कातड्याची पखाल किंवा मुसल्ला (नमाजेची चटई) करून वापरता येतो. पण विकून पैसे खिशात टाकता येत नाहीत, आणि स्वतःची देणी त्यातून भागवता येत नाहीत. विकलंच तर हनफी मतानुसार ती रक्कम गरिबांची. कसायाला मजुरी पूर्ण देऊन वर भेट म्हणून मांस दिलं तर हरकत नाही. जीव घेतल्याने नव्हे, आपलं म्हणून धरलेलं सोडल्याने कुर्बानी होते, हे रक्ताच्या चर्चेपेक्षा या कातड्याच्या हिशेबात जास्त स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला मांस देता येतं का?

येतं, तो खात असेल तर. अब्दुल्लाह इब्ने अम्र यांच्या घरी मेंढी कापली गेली तेव्हा ते पुन्हा पुन्हा विचारत होते, आपल्या यहुदी शेजाऱ्याला दिलंत का? जो खात नाही त्याच्या दारात मांसाची पिशवी नेऊ नये, हे सांगायला फतवा लागू नये.

जनावराऐवजी तेवढे पैसे दान केले तर?

दान होईल, कुर्बानी होणार नाही. जिथे ती वाजिब मानतात तिथे त्या तीन दिवसांत पैसे तिची जागा घेत नाहीत, जसा रोजा नमाजेची जागा घेत नाही. जिथे सुन्नत मानतात तिथे थोडी मोकळीक आहे. मालिकी मजहबाच्या मोरोक्कोत १९९६ साली दुष्काळामुळे राजे हसन दुसरे यांनी लोकांना कुर्बानी न करण्याचं आवाहन केलं होतं. २०२५ मध्ये दुष्काळ आणि घटलेले कळप पाहून राजे मोहम्मद सहावे यांनी तेच केलं, आणि आपण सर्वांच्या वतीने कुर्बानी करू असं सांगितलं. पैगंबरांनीही (स.) एक मेंढा आपल्या उम्मतीतल्या (अनुयायांच्या समुदायातल्या) ज्यांना करता आली नाही त्यांच्या वतीने कापला होता, हा त्यामागचा आधार.

नखं-केस कापू नयेत म्हणतात, ते खरं?

ज्याला कुर्बानी करायची आहे त्याने जिल्हजची १ तारीख लागल्यापासून जबह होईपर्यंत कापू नयेत, अशी हजरत उम्मे सलमा यांची हदीस आहे. हंबली ती सक्तीची मानतात, हनफी मुस्तहब. कापली गेली तरी कुर्बानी बिघडत नाही.

हजमधली कुर्बानी हीच का?

नाही, ती वेगळी. तिला हदी म्हणतात. तमत्तुअ किंवा किरान पद्धतीने, म्हणजे हजला उमरा (छोटी यात्रा) जोडून, हज करणाऱ्यांवर ती लागू होते आणि हरमच्या (मक्केच्या पवित्र परिसराच्या) हद्दीतच होते, बहुधा मक्केजवळच्या मिनात. ज्याला जमत नाही त्याने हजच्या दिवसांत ३ आणि परतल्यावर ७ असे १० रोजे ठेवायचे (२:१९६). पूर्वी मिनात एवढं मांस एकाच वेळी साचायचं की बरंचसं वाया जाई. १९८३ पासून सौदी अरेबियात त्यासाठी 'अदाही' प्रकल्प चालतो: हाजी कूपन घेतो, जबह त्याच्या नावाने होतं आणि मांस गोठवून इतर देशांतल्या गरिबांपर्यंतही जातं.

अकीका, मन्नत, सदका, यांत काय फरक?

अकीका मुलाच्या जन्माबद्दल, शक्यतो सातव्या दिवशी. मुलगा असेल तर दोन बकरे, मुलगी असेल तर एक (मालिकी दोघांनाही एकच सांगतात). सदक्याचा (ऐच्छिक दानाचा) बकरा कधीही, आणि मांस गरिबांना. मन्नतीच्या (नवसाच्या) कुर्बानीचं मांस हनफी मतात स्वतः खाता येत नाही, सगळं गरिबांचं.

वारलेल्या आई-वडिलांच्या नावाने करता येते का?

हनफी आणि हंबली मतात हो. शाफई मतात त्यांनी वसीयत (मृत्यूपूर्वी तशी सूचना) केली असेल तरच. आधी स्वतःवरची वाजिब पार पाडावी, मग ही.

मला रक्त बघवत नाही, मांसही खात नाही. मग?

दुसऱ्याला वकील नेमा, म्हणजे तुमच्या वतीने जबह करण्याची परवानगी द्या. तिथे हजर राहणं चांगलं, पण शर्त नाही. मांस खाणंही चारही मजहबांत सक्तीचं नाही. सगळं वाटून टाका.

करायची होती, पण दिवस निघून गेले.

जनावर घेऊन ठेवलं असेल तर हनफी मतानुसार ते जिवंतच दान करा. घेतलं नसेल तर मध्यम प्रतीच्या एका बकऱ्याची किंमत गरिबांना द्या. आता कापून चालत नाही.